जुने भाग, नवी पडताळणी

बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. जुळलेला हिशेबही दुसऱ्यांदा तपासून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. निवृत्तीनंतर तपासण्यासाठी खातेवही उरली नाही. म्हणून की काय, गेल्या वर्षापासून आम्ही काही मित्र तरुणपणी पाहिलेली एक दूरचित्रवाणी मालिका पुन्हा एकत्र बसून पाहत आहोत. ती मालिका म्हणजे 'स्टार ट्रेक'. या महिन्याचा लेख आमच्या त्या शनिवारच्या बैठकीविषयी आहे. आणि खरे सांगायचे तर माझ्या एका जुन्या चुकीविषयीही आहे.

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि पुढील काही वर्षांत रविवारची सकाळ घरोघरी सणासारखी साजरी होऊ लागली. त्याच काळात ही अमेरिकन विज्ञानमालिका रविवारी सकाळी दाखवली जात असे. पुण्यात भवानी पेठेतील आमच्या वाड्यात रंगीत संच एकच होता आणि तो शेठच्या घरी होता. शेठ म्हणजे आमचे बालमित्र, भुसार मालाच्या पेढीचे थोरले चिरंजीव. शाळेपासून आम्ही त्यांना शेठ म्हणतो, तेच नाव येथेही ठेवतो. दुसरे मित्र पदार्थविज्ञान शिकलेले. पुढे ते शिक्षक झाले आणि सगळ्यांचे 'सर' झाले. तिसऱ्यांचे विजेच्या सामानाचे दुकान. गच्चीवर जाऊन अँटेना फिरवण्याचे खाते त्यांच्याकडे होते. चौथा मी, बँकेत नुकताच चिकटलेला. इंग्रजी संवादांपैकी निम्मे डोक्यावरून जात. उरलेले सर समजावून सांगत आणि तेवढ्यात पुढचे निसटून जात. तरीही पुढच्या रविवारपर्यंत आमचा विषय तोच असे.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. तिचा पहिला भाग अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. तीन वर्षांत एकूण ७९ भाग झाले आणि जून १९६९ मध्ये ती बंद पडली. तेविसाव्या शतकातील 'एंटरप्राइज' नावाचे अंतराळयान, त्यावर सुमारे ४३० माणसे आणि नव्या जगांचा शोध घेण्याची पाच वर्षांची मोहीम, असा तिचा पाया. यानाचा प्रमुख कॅप्टन कर्क धाडसी आणि थोडा उतावळा. त्याचा सहकारी स्पॉक परग्रहावरच्या वंशाचा, टोकदार कानांचा आणि तर्कापलीकडे काही न मानणारा. डॉक्टर मॅकॉय चिडके, पण अंतःकरणाचे मऊ. या तिघांच्या वादांतूनच बहुतेक गोष्टी पुढे सरकतात.

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी हे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. पुढे लॉस एंजलिसच्या पोलिस दलात नोकरी करून ते लेखनाकडे वळले. त्यांनी केलेला पहिला नमुना भाग वाहिनीने नाकारला. सामान्य प्रेक्षकाला तो जड जाईल, असे तिचे मत पडले. मात्र तिने दुसरा नमुना करण्याची संधी दिली. अशी संधी त्या धंद्यात क्वचितच मिळते. नाकारलेल्या कर्जप्रकरणाचा फेरविचार करणारा अधिकारी जितका दुर्मीळ, तितकीच ही गोष्ट दुर्मीळ म्हणावी लागेल.

पेढीवर बसणाऱ्या वाचकांना या मालिकेतील काटकसर विशेष आवडेल. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणे अंदाजपत्रकात बसत नव्हते. त्यावर तोड म्हणून माणसे एका जागी विरघळून दुसऱ्या जागी प्रकट होतात, अशी युक्ती काढण्यात आली. आज जगभर ठाऊक असलेली ती कल्पना खर्च वाचवण्याच्या गरजेतून जन्मली. माणसे विरघळतानाची ती चकाकी म्हणजे प्रकाशझोतात सोडलेली ॲल्युमिनियमची पूड. डॉक्टर मॅकॉय रुग्णावरून फिरवतात ती काही उपकरणे मुळात जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाण्या होत्या. हे कळले तेव्हा शेठ म्हणाले, "भांडवल कमी असले की माणसाची अक्कल चालते."

दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मालिका बंद होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीवर पत्रांचा वर्षाव केला. त्या मोहिमेत जॉन आणि ब्यो ट्रिंबल या दांपत्याचा मोठा वाटा होता. अखेर मार्च १९६८ मध्ये मालिका पुढे चालू राहील असे वाहिनीने पडद्यावरच जाहीर केले. मात्र तिसऱ्या वर्षी पैसा कमी झाला आणि वेळही शुक्रवारी रात्री दहाची मिळाली. मालिका संपली, पण पुढे स्थानिक वाहिन्यांवर तिचे भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि तेव्हाच ती खऱ्या अर्थाने लोकांची झाली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरला. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळाले, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच. म्हणजे या मालिकेचे भाग्य पहिल्या पाहण्यात उजळले नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या पाहण्यात उजळले.

आता आमच्या बैठकीविषयी. ती सरांच्या घरी दर शनिवारी दुपारी चार वाजता भरते. सूर्यास्तापूर्वी शेठना जेवायला घरी पोचायचे असते, त्यामुळे वेळेची शिस्त आपोआप पाळली जाते. मोठा पडदा विजेच्या दुकानवाल्या मित्राने आणून लावला. यंत्र चालवायला शेठची महाविद्यालयात शिकणारी नात येते. आली ती आजोबांना सोडायला. पहिल्याच दिवशी ती बैठकीची सभासद झाली. नियम तीन. कोणता भाग पाहायचा हे पाळीपाळीने एकेकाने ठरवायचे. भाग चालू असताना कोणी बोलायचे नाही. आणि संपल्यावर प्रत्येकाने, मागच्या वेळी दिसले नव्हते असे काय या वेळी दिसले, ते सांगायचे. त्याची नोंद मी एका वहीत ठेवतो. दिनांक, भाग, निवडणारा आणि शेरा, असे चार रकाने आखले आहेत.

मागच्या वेळी दिसले नव्हते असे पुष्कळ दिसते. पूर्वी ज्या खडकांकडे आम्ही श्वास रोखून पाहत होतो, ते हलके नकली खडक आहेत हे आता लगेच कळते. यानाला हादरा बसला की कॅमेरा कलतो आणि नट एका बाजूला पडतात. हे पाहून नात हसते आणि आम्हीही हसतो. बायकांना दिलेले कपडे आणि कामे पाहून ती कपाळाला आठ्या घालते, त्यातही तिचे चुकत नाही. पण त्याच यानावर संदेशवहन सांभाळणारी उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी आहे. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होत्या. त्यांनी सोडू नये म्हणून डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांचे मन वळवले, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. सुकाणूवर बसणारा सुलू जपानी वंशाच्या जॉर्ज टाकेई यांनी उभा केला. महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील छावणीत लहानपण काढलेला हा नट. शीतयुद्ध ऐन भरात असताना दुसऱ्या वर्षी चेकॉव्ह हा रशियन अधिकारीही यानावर आला. १९८५ च्या सुमारास यातले काहीच आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही यान पाहत होतो, त्यात कोण कोणाशेजारी बसले आहे हे पाहिले नव्हते.

नातीच्या पाळीला तिने 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा डिसेंबर १९६७ मधला विनोदी भाग निवडला. एक फिरता व्यापारी ट्रिबल नावाचे गुबगुबीत, केसाळ प्राणी विकतो. ते खातात आणि वाढतात, दुसरे काही करत नाहीत. दर बारा तासांनी एकाला सरासरी दहा पिल्ले, असा हिशेब धरून तीन दिवसांत एकाचे किती होतील हे स्पॉक तिथल्या तिथे सांगतो : १७,७१,५६१. सरांनी भाग संपताच फळ्यावर अकराचा सहावा घात काढून दाखवला, आकडा तंतोतंत जुळला. मी म्हणालो, चक्रवाढ व्याज शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. शेठचे लक्ष मात्र कोठाराकडे होते. त्या कोठारात धान्य खाऊन तुडुंब झालेले ट्रिबल मरून पडलेले आढळतात आणि त्यावरून धान्यात विषप्रयोग झाला आहे हे उघडकीस येते. शेठ म्हणाले, "गोदामात उंदीर मेलेला दिसला, तर आमचे वडील आधी पोते फोडून माल बघायचे. मेला कशाने, हे आधी विचारायचे."

हे वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले. शेठ आणि मी एकमेकांशी जवळजवळ वीस वर्षे बोललो नव्हतो, हे वाचकांना सांगायचे राहिले.

२००१ साली माझी बदली ज्या शाखेत झाली, तिथे शेठच्या पेढीचे कॅश क्रेडिट खाते होते. तारण होते गाळ्यातला माल. नियमाप्रमाणे मी एके सकाळी न कळवता तपासणीला गेलो. मालाच्या मासिक पत्रकात तुरीची नऊशे पोती दाखवली होती. थप्पी मोजली, ती सहाशे चाळीस भरली. शेठ शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारले नाही. मैत्रीमुळे सवलत दिली असे कोणी म्हणू नये, या एका धास्तीने मी नेहमीपेक्षा कडक झालो होतो. त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. उचलीची मर्यादा खाली आली, वरची रक्कम तातडीने भरण्याची सूचना गेली. शेठनी दोन गाळ्यांपैकी एक विकून ती भरली आणि खाते दुसरीकडे नेले. त्यानंतर समोरासमोर आलो तर ते पलीकडच्या फुटपाथवर जात. माझी समजूत अशी, की चूक त्यांची आणि राग वर माझ्यावर.

गेल्या वर्षी सरांनी आम्हा दोघांनाही बैठकीला बोलावले आणि दुसरा येणार आहे हे एकालाही सांगितले नाही. शेठ आले, मला पाहून दारात क्षणभर थांबले, मग लांबच्या खुर्चीवर बसले. पुढचे कित्येक शनिवार आम्ही बोललो ते कर्क आणि स्पॉक यांच्याविषयीच. आणि तेही सरांच्या मार्फत.

मग शेठची पाळी आली. त्यांनी 'द डेव्हिल इन द डार्क' हा मार्च १९६७ मधला भाग मागितला. वाड्यात असताना आम्ही दोघांनी तो शेजारी बसून पाहिला होता.

त्याची गोष्ट अशी. एका ग्रहावरच्या खाणीत कामगार एकामागून एक मारले जात आहेत. खडकातून बोगदे पाडत फिरणारा, आम्लाने सगळे जाळून टाकणारा एक विचित्र प्राणी हे करतो आहे. त्याचे नाव हॉर्टा. खाणीचा प्रमुख मदत मागतो आणि एंटरप्राइजची माणसे शस्त्रे घेऊन खाली उतरतात. कर्कचा हुकूम स्पष्ट आहे : दिसताक्षणी मारा. स्पॉकला मात्र तो जिवंत पकडावा असे वाटते. पुढे कर्क एकटाच बोगद्यात त्या प्राण्यासमोर येतो आणि मोठी गंमत होते. प्राणी जखमी आहे, तो हल्ला करत नाही. आणि हुकूम देणारा कर्क शस्त्र रोखून धरतो. आता मित्राच्या जिवाच्या काळजीने स्पॉकच दुरून त्याला मारायला सांगतो. कर्क ऐकत नाही.

नंतर स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी आपले मन जोडतो आणि खरी हकिगत कळते. हॉर्टा ही आई आहे. दर पन्नास हजार वर्षांनी तिची जात संपते. मागे एकटी उरते ती अंड्यांची राखण करण्यासाठी. कामगारांनी नवा स्तर खोदताना हजारो गोल गोळे सापडले म्हणून फोडून टाकले, ती तिची अंडी होती. त्यातला एक गोळा खाणप्रमुखाच्या टेबलावर शोभेची वस्तू म्हणून ठेवलेला आहे. तो साऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, पण हे काय आहे असा प्रश्न त्याने कधी विचारलेला नसतो. शेवटी डॉक्टर मॅकॉय कुरकुरत त्या दगडी प्राण्याच्या जखमेवर चक्क काँक्रीटचा लेप देतात. कामगार आणि हॉर्टा यांच्यात समझोता होतो : पिल्लांनी बोगदे पाडायचे, माणसांनी खनिज काढायचे. खाण पूर्वीपेक्षा अधिक चालू लागते.

या भागाचे चित्रीकरण चालू असतानाच कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांना वडील गेल्याची बातमी कळली, आणि विमानाची वेळ होईपर्यंत त्यांनी काम चालू ठेवले. तेच शॅटनर २०२१ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, खरोखरच अंतराळात जाऊन आले. हे सर सांगत होते, पण माझे तिकडे ध्यान नव्हते. माझ्या डोळ्यांसमोरून तो टेबलावरचा गोळा हलत नव्हता.

मागच्या वेळी दिसले नव्हते असे काय दिसले, हे सांगण्याची पाळी माझी होती. मी म्हणालो, "तेव्हा मी फक्त तो भयंकर प्राणी पाहिला होता. या वेळी खाणीचा प्रमुख पाहिला. माणूस वाईट नाही. आपले काम चोख करतो. पण विचारत नाही."

खोलीत कोणी बोलले नाही. मग मी खुर्ची वळवली आणि तेवीस वर्षांपूर्वी विचारायचा होता तो प्रश्न विचारला, "शेठ, ती दोनशे साठ पोती कुठे गेली होती?"

नात यंत्र बंद करायला उठली होती, ती तशीच थांबली. शेठ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "धाकट्याचे दुकान बुडाले होते. देणेकरी दारात आले असते तर त्याच्या मुलीची बोलणी मोडली असती. घराण्याचे नाव एकच. मी रात्री माल उचलून त्यांची देणी भागवली. पंधरा दिवसांत माझी उधारी वसूल झाली असती, तूर पुन्हा भरली असती. तू त्याआधी आलास."

मी विचारले, "मला सांगितले का नाही?"

"तू विचारले नाहीस. आणि अरे, तू माझा मित्र म्हणून आला होतास की साहेब म्हणून, हेच मला कळेना."

वाचकहो, या ठिकाणी हिशेब नीट मांडला पाहिजे. तारण ठेवलेला माल बँकेला न कळवता हलवणे चूकच होते, आणि शेठनी ते त्या दिवशी स्वतःहून मान्य केले. कमी भरलेला माल कमी लिहिणे हे माझे कर्तव्य होते. तो अहवाल मी आजही तसाच लिहीन. पण खुलासा मागण्याची आणि मुदत सुचवण्याची मोकळीक नियमाने मला दिली होती. अनोळखी खातेदारांना मी ती शेकडो वेळा दिली होती. मित्राला मात्र दिली नाही, कारण मला माझ्या नावाची काळजी होती. म्हणजे नाव जपण्यासाठी त्यांनी पोती हलवली आणि नाव जपण्यासाठीच मी तोंड बंद ठेवले. दोघांच्या या जपणुकीत एक गाळा गेला आणि वीस वर्षे गेली.

मी क्षमा मागितली. शेठ म्हणाले, "तेव्हा विचारले असतेस, तर मी खरे सांगितलेच असते असे नाही. पण विचारले, एवढे तरी लक्षात राहिले असते." मग घड्याळाकडे बघून ते उठले, कारण जेवणाची वेळ झाली होती. गेलेला गाळा परत येणार नाही, आणि सगळे पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. पुढच्या शनिवारी मात्र ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

एकदा पाहिलेले पुन्हा पाहण्यात वेळ का घालवायचा, असे अनेक जण विचारतात. माझे उत्तर इतकेच आहे की पडद्यावरचा भाग बदलत नाही, म्हणूनच मधल्या काळात आपण किती बदललो, हे त्यावर मोजता येते. आणि हे मोजमाप एकट्याने करू नये. ज्यांच्यासोबत पहिल्यांदा पाहिले, त्यांना बोलवावे. त्यांच्यापैकी कोणाशी बोलणे राहून गेले असेल, तर त्याला सर्वांत आधी बोलवावे. विषय काढायला मालिका आयतीच असते.

त्या शनिवारची नोंद करायला मी रात्री वही उघडली. दिनांक, भाग आणि निवडणारा हे रकाने भरले. शेऱ्याच्या रकान्यात 'हिशेब जुळला' असे लिहिण्याचे धाडस झाले नाही. 'पडताळणी चालू' एवढेच लिहिले आणि वही मिटली.